घटक ४ : शब्द एक, अर्थ अनेक (मराठीच्या दारी आलेले इंग्रजी शब्द)

४.१ प्रास्ताविक



शब्द आणि अर्थ यांचे नाते कसे असते, याचा विचार करताना आपण बहुधा एका शब्दापुढे एक अर्थ ठेवतो. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र असे क्वचितच आढळते. ह्या घटकात आपण एकाच शब्दाला अनेक अर्थ का चिकटतात आणि असे शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातात तेव्हा काय घडते, हे पाहणार आहोत. प्रारंभी एक प्रसंग सांगतो.

लातूर जिल्ह्यातील एका अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र संपल्यानंतर चाळिशीतील एक विद्यार्थी मागे थांबले. त्यांनी खिशातून घडी घातलेले एक पत्र काढले. त्यांच्या वडिलांनी शेतीसाठी कर्ज घेतले होते आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचे मंजुरीपत्र इंग्रजीत आले होते. घरातील नातवाने ते मोबाईलवर भाषांतरित करून आजोबांना वाचून दाखवले. त्यातील एक वाक्य असे उमटले, की आपल्या जमिनीवर संस्थेचा 'पहिला आरोप' राहील. म्हातारबाबा त्या रात्री जेवले नाहीत. "आजवर कोर्टाची पायरी चढलो न्हाई, आन् ह्या वयात आरोप?" एवढेच ते पुन्हापुन्हा म्हणत राहिले.

मूळ पत्रातील शब्द होता 'चार्ज'. तेथे त्याचा अर्थ होता बोजा. सातबाराच्या 'इतर हक्क' ह्या रकान्यात कर्जाची जी नोंद होते, ती. कर्ज फिटले की फेरफाराने तो कमी होतो. मराठवाड्यातील कोणत्याही शेतकऱ्याला 'बोजा' समजावून सांगावा लागत नाही. जो शब्द त्या घराला पाठ होता तोच भाषांतरात हरवला आणि त्याच्या जागी दुसराच येऊन बसला. त्या विद्यार्थ्यांचा प्रश्न साधा होता : "सर, एका शब्दाचे इतके अर्थ असतात, तर त्यातला आपला कोणता, हे ओळखायचे कसे?" हा संपूर्ण घटक म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

४.२ अनेकार्थता : अपवाद की नियम?

इंग्रजीत जिला 'पॉलिसेमी' म्हणतात तिला आपण अनेकार्थता म्हणू. ही संज्ञा फ्रेंच भाषाभ्यासक मिशेल ब्रेआल यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अर्थविचारावरील ग्रंथातून रूढ केली. भाषेत नवा अर्थ आला म्हणून जुना मरतोच असे नाही, दोन्ही शेजारीशेजारी नांदतात, हे त्यांचे निरीक्षण आजही टिकून आहे.

अनेकार्थता हा भाषेतील दोष आहे अशी अनेकांची समजूत असते. वस्तुस्थिती उलट आहे. शब्द जितका साधा आणि रोजच्या वापरातला, तितके त्याचे अर्थ अधिक. ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' ह्या एका क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ नोंदलेले आहेत. त्याच कोशाच्या पुढील आवृत्तीसाठी 'रन' ह्या क्रियापदाचे काम झाले तेव्हा त्याचे ६४५ अर्थ निघाले आणि ते लावण्यात संपादक पीटर गिलिव्हर यांचे नऊ महिने गेले. विद्वज्जड शब्दांच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. 'ऑक्सिजन' एकच, 'सेट' मात्र शेकडो.

हे वाचून इंग्रजी फार अवघड आहे असे वाटले तर आपण आपल्या 'लागणे' ह्या क्रियापदाकडे पाहावे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, नाद लागतो, घाट लागतो, कलम लागते, बोलणे मनाला लागते, पाहुणा नात्याने मामा लागतो. शिवाय 'तो बोलू लागला' आणि 'मला जावे लागले' यांत हेच क्रियापद साहाय्यक म्हणून उभे राहते. 'पाणी लागले' हे एवढेसे वाक्य घ्या. बोअर घेतलेल्या शेतकऱ्याच्या तोंडी ते आनंदाचे आहे. परगावी नोकरीला गेलेल्या मुलाविषयी आई म्हणते तेव्हा तेच वाक्य आजाराचे आहे. मराठी मातृभाषा असलेला कोणीही येथे घोटाळा करीत नाही. शब्दाभोवतीचे इतर शब्द आणि बोलणारा माणूस, यांवरून अर्थ आपोआप निवडला जातो.

ह्या सर्व अर्थांच्या मुळाशी एक गाभा आहे : चिकटणे, स्पर्श होणे. संस्कृतातील 'लग्' धातूचा तोच अर्थ आहे, आणि 'लग्न' हा शब्दही त्याच धातूचा. ठेच पायाला चिकटते, नाद मनाला, नोकरी माणसाला. रस्त्यात घाट आपल्याला येऊन भिडतो. प्रत्येक अर्थ गाभ्यापासून थेट निघालेला असतोच असे नाही. एका अर्थातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, अशी साखळी तयार होते. साखळीच्या दोन टोकांना उभे राहिले तर नाते दिसत नाही. मधल्या कड्या मोजल्या की दिसते.

४.३ 'चार्ज' : एका ओझ्याचा प्रवास

आता प्रारंभीच्या शब्दाकडे वळू. मराठवाड्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी एका दिवसात हा शब्द किती वेळा कानी पडतो ते आठवा. मोबाईल चार्ज करायचा असतो. नव्या तहसीलदारांनी चार्ज घेतलेला असतो. पोलिसांनी चार्जशीट दाखल केलेले असते. मोर्चावर लाठीचार्ज झालेला असतो. पार्सल आणणारा मुलगा डिलिव्हरी चार्ज मागतो. आणि बँकेच्या पत्रात जमिनीवर चार्ज असतो. हे सहा अर्थ एका घरचे वाटत नाहीत.

मूळ लॅटिनमध्ये 'कार्रुस' म्हणजे गाडा. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'कार्रिकारे' हे क्रियापद झाले : गाड्यावर माल लादणे. फ्रेंचमधून ते इंग्रजीत 'चार्ज' होऊन आले. म्हणजे आपल्या ओळखीचे 'कार' आणि 'कार्गो' हे ह्याचेच भाऊबंद होत. गाभ्याचा अर्थ एकच : ओझे लादणे, भरणे.

ह्या एका चित्रावरून बाकीचे अर्थ उलगडत जातात. माणसावर कामाचे ओझे ठेवले की तो अधिकारपदाचा चार्ज. पैशाचे ओझे टाकले की तो शुल्काचा चार्ज. बंदुकीत दारू भरणे हा चार्ज; शस्त्र सज्ज करून चालून जाणे तेही चार्ज, आणि आपला 'लाठीचार्ज' तेथून निघाला. अठराव्या शतकात वीज साठवण्याचे प्रयोग सुरू झाले तेव्हा वीज 'भरणे' यासाठी हाच शब्द हाताशी होता. (जाता जाता : 'बॅटरी' हा शब्दही असाच आहे. तो मूळचा तोफांच्या रांगेचा. बेंजामिन फ्रँकलिन यांनी वीज साठवणाऱ्या बरण्यांच्या रांगेला तो लावला. आपल्या खेड्यांत मात्र बॅटरी म्हणजे हातातील टॉर्च, आणि वर्गातील चष्मेवाल्या मुलाचे टोपणनावही.)

दोषाचे ओझे डोक्यावर ठेवले की तो फौजदारी चार्ज, म्हणजे आरोप. येथे एक मौज पाहा. 'आरोप' हा संस्कृत शब्द; त्याचा मूळ अर्थ 'वर चढवणे, वर ठेवणे'. म्हणूनच आपण आरोप 'ठेवतो', ठपकाही 'ठेवतो'. लॅटिन गाडीवान आणि संस्कृत वैयाकरण एकमेकांना कधी भेटले नाहीत, तरी दोष म्हणजे ओझे ही कल्पना दोघांनाही सुचली. कर्जाचे ओझे जमिनीवर ठेवले तर आपण त्याला बोजा म्हणतो. कायद्याच्या मराठीत तो 'भार' होतो. कार्यभार, पदभार, भारनियमन हे शब्दही त्याच कुळातले. मराठवाड्यात भारनियमनाच्या काळात रात्रीच्या पाळीने पिकाला पाणी दिलेल्या माणसाला हा 'भार' म्हणजे काय, हे शब्दकोशात पाहावे लागणार नाही.

तेव्हा मोबाईलने दिलेला 'आरोप' अगदीच कोठून तरी उचललेला नव्हता. तो 'बोजा'चा चुलतभाऊच होता. चूक नात्यात नव्हती. ज्याला बोलवायचे होते त्याच्याऐवजी त्याचा भाऊ आला, ही चूक होती. आणि ह्या चुकीमुळे एक म्हातारा माणूस उपाशी झोपला, हे आपण अभ्यासकांनी विसरू नये.

आणखी एक नोंद येथेच करावी. पाठ्यपुस्तकात इलेक्ट्रॉनवर ऋण 'प्रभार' असतो आणि शाळेत 'प्रभारी' मुख्याध्यापक असतात. कणावरची वीज आणि मुख्याध्यापकांची खुर्ची यांचा मराठीत काही संबंध नाही. तो संबंध इंग्रजीत आहे, आणि पर्यायी शब्द घडवताना तो इकडे आला. भाषांतरातून कधीकधी शब्द न येता त्याची अनेकार्थता तेवढी येते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

४.४ अनेकार्थता आणि समरूपता

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. एकाच शब्दाला नात्याने जोडलेले अनेक अर्थ असणे ही अनेकार्थता. दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे दिसणे किंवा ऐकू येणे ही समरूपता. परीक्षेत हा प्रश्न वारंवार येतो आणि उत्तरांत दोहोंची सरमिसळही वारंवार होते. म्हणून पुढील वाक्य पाहा. नेट परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याचे हे गाऱ्हाणे आहे :

'नेट लावून नेटचा अभ्यास करायला बसलो, तर नेटच नव्हते.'

पहिला 'नेट' अस्सल मराठी. जोर, चिकाटी, 'नेटाने काम करणे' यातला. दुसरा 'नेट' हा परीक्षेच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरे जुळवून झालेला. तिसरा 'नेट' इंटरनेटचे आखूड रूप, आणि त्याच्या मुळाशी जाळे हा अर्थ. हॉलीबॉलच्या मैदानावरचे नेट ते हेच. हे तीन वेगळे शब्द आहेत, त्यांची गाठ योगायोगाने पडली. आता मोंढ्यातील पोत्यावर छापलेले 'नेट वजन' घ्या. हे जाळ्याचे नेट नव्हे. फ्रेंचमध्ये 'स्वच्छ' असा अर्थ असलेल्या शब्दावरून ते इंग्रजीत आले. बारदान वजा करून राहिलेले स्वच्छ वजन, म्हणजे आपले 'निव्वळ'. म्हणजे इंग्रजीतही दिसायला एक असलेले हे 'नेट' प्रत्यक्षात दोन शब्द आहेत.

भेद नेहमीच इतका स्वच्छ असत नाही, हे मान्य केले पाहिजे. इंग्रजी पुस्तकात नांदेड शहर गोदावरीच्या 'बँकवर' वसले आहे असे वाचून नव्याने शिकणारा गोंधळतो. नदीचा काठ आणि पैशाची पेढी हे कोशात दोन स्वतंत्र शब्द म्हणून दिलेले असतात. पण फार मागे गेले तर दोन्ही एका जर्मानिक मुळाशी पोहोचतात. पेढीचा 'बँक' हा इटालियन सराफाच्या बाकावरून आला आणि ते बाक व नदीचा उंच काठ यांचे मूळ एकच. मग हा एक शब्द मानावा की दोन? इतिहास एक म्हणतो, आजच्या भाषकाची जाणीव दोन म्हणते. माझा कल आजच्या भाषकाच्या बाजूने आहे. बोलणाऱ्याला ज्या नात्याची जाणीवच नाही, ते त्याच्या भाषेत आहे असे म्हणणे मला पटत नाही. उत्तर लिहिताना आपण वेगळी बाजू घेऊ शकता, मात्र कारण द्यावे.

४.५ उसना शब्द किती अर्थ घेऊन येतो?

शब्द एका भाषेतून दुसरीत येतो तेव्हा तो आपले सारे बिऱ्हाड घेऊन येत नाही. बहुधा एखादीच वस्तू, एखादाच व्यवहार सोबत घेऊन येतो. मराठवाड्याला हा अनुभव इंग्रजीच्या पुष्कळ आधीपासून आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, आणि फारसी-अरबी शब्द त्याही पूर्वीपासून मराठीत मुरलेले होते. त्यातला 'दफ्तर' हा एकच शब्द पाहू. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कातडे; लिहिण्यासाठी कमावलेले कातडे. तो फारसीत वहीचा, नोंदवहीचा झाला. उर्दूत तो कार्यालयाचा झाला. मराठीत तो कागदपत्रांच्या गठ्ठ्याचा झाला, म्हणून 'पेशवे दफ्तर'. आणि पुढे मुलांच्या पाठीवरच्या पिशवीचा. आजही नांदेडमध्ये एखादे उर्दूभाषक वडील सकाळी 'दफ्तर' गाठायला निघतात आणि शेजारचे मराठीभाषक मूल 'दफ्तर' पाठीला लावून निघते. शब्द तोच, एका गल्लीतला.

इंग्रजी शब्दांचे हेच झाले. इंग्रजीत 'इंटरेस्ट'चे व्याज, हितसंबंध आणि रुची असे निदान तीन अर्थ नित्याचे आहेत. मराठी बोलण्यात मात्र 'मला त्यात इंटरेस्ट नाही' एवढाच आला. व्याजाची जागा 'व्याज' ह्या शब्दाने इतकी घट्ट धरली होती, की तेथे उसन्या शब्दाला पाय ठेवता आला नाही. सर्वसाधारणपणे असे दिसते, की जो अर्थ घरात आधीच पक्का आहे त्याच्यासाठी पाहुणा येत नाही. जेथे नवी वस्तू, नवे खाते, किंवा नवी प्रतिष्ठा असते तेथून तो आत शिरतो.

आत आल्यावर मात्र तो येथलाच होतो आणि येथल्या गरजेप्रमाणे अर्थ वाढवतो. 'लाईन' पाहा. लॅटिनमध्ये ती 'लिनेआ', म्हणजे जवसाच्या धाग्याचा दोरा. आपण ज्या जवसाची चटणी करतो त्याच झाडाचा. दोऱ्यावरून रेघ, रेघेवरून रांग, तारेवरून वाहिनी, असे अर्थ इंग्रजीत झाले. आपल्याकडे 'लाईन गेली' म्हणजे वीज गेली. तार जागेवरच असते, गेलेली असते ती तारेतून वाहणारी वस्तू. साधनाचे नाव साध्याला दिले, असे येथे झाले. तसेच 'पॉइंट'चे. दुष्काळी भागात 'पॉइंट पाहणे' म्हणजे बोअर कोठे घ्यायचा ती जागा नक्की करणे. कर्ज काढून बोअर घेणाऱ्याच्या दृष्टीने ह्या 'पॉइंट'मध्ये सारे वर्ष सामावलेले असते. इंग्रजी कोशात हा अर्थ शोधून सापडणार नाही.

ह्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद शब्द आपल्याच भागातला आहे : 'पॅटर्न'. लॅटिन 'पातेर' म्हणजे पिता. त्यावरून 'पात्रोनुस' म्हणजे पालक, आश्रयदाता. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या त्या शब्दाचे पुढे 'पेट्रन' आणि 'पॅटर्न' असे दोन शब्द झाले. मुलाने वडिलांचे अनुकरण करावे तसे ज्याचे अनुकरण करायचे, तो नमुना म्हणजे 'पॅटर्न'. मग शिंप्याचा कागदी कापा, कापडावरील नक्षी, वागण्यातील ठरावीकपणा, असे अर्थ वाढले.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत लातूरमध्ये ह्या शब्दाला नवे घर मिळाले. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी शिस्तबद्ध अध्यापनाची घडी बसवली, जादा तास, सतत सराव परीक्षा, चुकांची पुन्हा तपासणी, तिला 'लातूर पॅटर्न' हे नाव पडले. मागास म्हणून हिणवलेल्या भागातील मुले राज्याच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली आणि ह्या शब्दाला अभिमानाची छटा आली. पुढे वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या शिकवण्या लातुरात आणि नांदेडात फोफावल्या तसा त्याला शिकवणीचा, घोकंपट्टीचा, क्वचित उपहासाचा वासही लागला. मग पीकविम्यात कंपनीचा नफा आणि जोखीम यांना मर्यादा घालणारा ८०-११० चा 'बीड पॅटर्न' आला. २०१८ मध्ये 'मुळशी पॅटर्न' हा चित्रपट आला आणि तरुणांच्या बोलण्यात 'पॅटर्न' म्हणजे स्वतःची वागण्याची तऱ्हा झाली.

नकाशावर पाहा : लातूर, बीड, मुळशी. मराठीत 'पॅटर्न'च्या आधी गावाचे नाव येते. आपल्या गावात जमलेली आणि इतरांनी उचलावी अशी रीत, हा अर्थ मराठीने घडवला आहे. 'नमुना' हा त्याचा कोशातला प्रतिशब्द. पण 'लातूर नमुना' म्हणून पाहा. ऐकणारा हसेल, कारण मराठीत 'नमुना' म्हणजे गाव नमुना सातसारखा कागदही आणि 'काय नमुना आहे!' असे ज्याच्याविषयी म्हणतात तो इसमही. प्रतिशब्दालाही स्वतःचे कुटुंब असते.

४.६ अर्थ कसा निवडावा?

कोशातील पहिला अर्थ हा मुख्य अर्थ असतो, हा गैरसमज प्रथम दूर करावा. काही कोश सर्वांत जुना अर्थ आधी देतात, काही सर्वांत प्रचलित. ऑक्सफर्डचा बृहद् कोश पहिल्या प्रकारातला. आपण वापरत असलेल्या कोशाची प्रस्तावना वाचल्याशिवाय हे कळत नाही, आणि प्रस्तावना कोणी वाचत नाही, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

त्यानंतर शब्दाची संगत पाहावी. 'चार्ज'च्या आगेमागे जमीन, कर्ज, तारण, परतफेड हे शब्द असतील तर तो बोजा. पोलीस, कलम, न्यायालय असतील तर आरोप. वाक्य अपुरे पडले तर परिच्छेद वाचावा, परिच्छेद अपुरा पडला तर पत्र कोणी कोणाला लिहिले आहे ते पाहावे. आणि शेवटी, निवडलेला शब्द त्या व्यवहारातील माणसाला वाचून दाखवावा. त्या विद्यार्थ्यांनी नेमके हेच केले. घरी जाऊन त्यांनी वडिलांना एवढेच सांगितले, की "बाबा, आरोप नाही, बोजा आहे." वडील म्हणाले, "मग तसं लिहायचं की!"

स्वाध्याय

१. 'उतारा' हा शब्द शेती, साखर कारखाना, तलाठी कार्यालय, पाठ्यपुस्तक, घाटरस्ता आणि विषबाधा ह्या सहा संदर्भांत वापरून प्रत्येकी एक वाक्य लिहा. ह्या अर्थांना जोडणारा गाभा आपल्या शब्दांत सांगा.

२. 'कर' ह्या शब्दाचे हात, शासनाला द्यावयाची रक्कम आणि 'करणे'चे आज्ञार्थी रूप असे अर्थ होतात. येथे अनेकार्थता आहे की समरूपता? कारणे द्या.

३. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) 'लागणे' ही नोंद पाहा. त्यातील कोणते उपयोग आज आपल्या भागात ऐकू येत नाहीत?

४. आपल्या कामाच्या ठिकाणी, मग ते दुकान असो, शेत असो की कार्यालय, दिवसभरात कानी पडलेले कोणतेही पाच इंग्रजी शब्द टिपा. प्रत्येकाचा तेथील अर्थ, तो वापरणाऱ्या व्यक्तीलाच विचारून, तिच्या शब्दांत नोंदवा. कोश नंतर उघडा.